सौरवारा सगळ्या पृथ्वीवर येतो, मग ध्रुवीय प्रकाश बेळगावला का नाही?

खानापूरहून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: सूर्याकडून येणारा सौरवारा सगळ्या पृथ्वीवर आदळत असेल, तर ध्रुवीय प्रकाश (अरोरा, रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) ध्रुवांकडेच का दिसतो? मे २०२४ मध्ये तो लडाखमध्येही दिसला म्हणतात. आमच्याकडे चोर्ला घाटात रात्री एवढा काळोख असतो, तिथून कधीतरी दिसेल की नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हिरवा प्रकाश दिसणार नाही असंच धरून चाल. लाल दिसू शकतो, पण शतकातून एखाद्या भूचुंबकीय वादळात (सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरतं तेव्हा), उत्तरेच्या क्षितिजाला चिकटून, आणि तोही डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यालाच जास्त. माझी नोकरी भूचुंबकीय नोंदी वाचण्यात गेली, त्यातला एक हिवाळा अंटार्क्टिकावरच्या मैत्री केंद्रावर. त्यामुळे उत्तर जरा लांबणार. तू वाऱ्याचं आदळणं गृहीत धरलं आहेस, पुस्तकातल्या चित्रातही बाण थेट ध्रुवांत शिरताना दाखवलेले असतात. सगळी गोम तिथेच आहे.

सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाचं, म्हणजे प्रभामंडलाचं, तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे. एवढ्या उष्णतेत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्यांना पुरतं धरून ठेवू शकत नाही. ते चोहोबाजूंना सतत वाहत असतात. युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हे गणिताने मांडलं, तेव्हा दोन्ही परीक्षकांनी निबंध छापू नये असं कळवलं होतं. ॲस्ट्रोफिजिकल जर्नलचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही फारशी रुचली नव्हती, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी निबंध छापला. चार वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ यानाने वाटेत हा वारा मोजला आणि वाद मिटला.

पृथ्वीपाशी या वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर असतो. दाटी मात्र नावापुरती, घन सेंटिमीटरला पाच-दहा कण. आपण प्रयोगशाळेत बनवतो त्या निर्वातापेक्षाही हे विरळ. पण हा वारा रिकाम्या हाताने येत नाही. सूर्याचं चुंबकीय क्षेत्र तो सोबत ओढून आणतो. ते एरवी पाच नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास भरतं. आपल्या पायाखालचं, बेळगावचं, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे. कुठे पाच आणि कुठे चाळीस हजार! तरी सगळा खेळ त्या पाचाच्या दिशेवर चालतो.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याला सूर्याच्या बाजूला सुमारे ६५ हजार किलोमीटरवरच अडवतं. बहुतेक कण तिथून बगल देऊन निघून जातात. म्हणजे वारा बेळगाववर आदळत नाही आणि ध्रुवावरही आदळत नाही. दिवसाच्या बाजूला ध्रुवांजवळ दोन चिंचोळ्या फटी आहेत, तिथून थोडे कण थेट उतरतात. पण रात्री आकाशभर नाचणारा जो प्रकाश लोक बघायला जातात, तो या फटींचा नव्हे.

आता दिशेचं बघू. सूर्यासमोरच्या कडेवर पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असते. वाऱ्यासोबत आलेलं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर दोघं एकमेकांना घासून जातात आणि विशेष काही घडत नाही, मग वारा कितीही जोरात असो. ते दक्षिणेकडे वळलेलं असलं की दोन उलट्या दिशांच्या चुंबकीय रेषा (क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या) समोरासमोर येतात, तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. पृथ्वीच्या रेषेचं एक टोक ध्रुवाजवळ जमिनीत, दुसरं सौरवाऱ्यात, अशी अवस्था होते. जेम्स डन्जी यांनी १९६१ मध्ये हे सुचवलं. त्याला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. दार उघडलं जातं ते इथे. आमच्या कामात या उत्तर-दक्षिण घटकाला सगळे बीझेड म्हणतात, आणि वादळाच्या रात्री पहिली नजर त्याच्यावरच जाते. बीझेड उणे, म्हणजे दक्षिणेकडे, झाला आणि उणेच राहिला, की खुर्ची ओढून बसायचं.

उघडलेल्या या रेषा वारा मागे, रात्रीच्या बाजूला ओढत नेतो. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाला त्यामुळे एक लांब शेपूट असतं, चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे जाणारं. या शेपटीत रेषा साठत जातात आणि ताणल्या जातात, गलोलीचं रबर मागे खेचावं तशा. ताण सोसेनासा झाला की शेपटीच्या मध्यात पुन्हा तूट-जोड होते आणि पृथ्वीकडचा भाग झपाट्याने मागे येतो. तिथे साठलेले कण त्याच्यासोबत पृथ्वीकडे फेकले जातात. जमिनीपासून काही हजार किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉनना आणखी एक धक्का मिळतो आणि ते हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या ऊर्जेने वातावरणात शिरतात. म्हणून हा प्रकाश मुख्यतः रात्रीच्या बाजूचा आहे, सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूचा. सूर्यावरून निघालेला कण सरळ येऊन धडकत असता तर तो दिवसाच्या बाजूला उजळला असता. नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्कलांड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्वात पेटीत चुंबकित गोळा ठेवून ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटवून दाखवली होती. त्यांना वाटे की इलेक्ट्रॉन थेट सूर्यावरून येतात. तेवढं टिकलं नाही. पण रेषांच्या वाटेने वर-खाली प्रचंड विद्युतप्रवाह वाहतात, हे त्यांचं म्हणणं उपग्रहांनी १९६० च्या दशकात खरं ठरवलं.

तुझा मूळ प्रश्न, ध्रुवांकडेच का, आता सुटतो. शेपटीतल्या या कणांना वाट एकच, चुंबकीय रेषेची. शेपटीतून निघालेल्या रेषा जमिनीवर उतरतात त्या चुंबकीय ध्रुवापासून वीस-पंचवीस अंश दूरच्या एका कड्यावर, म्हणजे साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशावर (भौगोलिक ध्रुवाऐवजी चुंबकीय ध्रुव धरून मोजलेला अक्षांश). नेमक्या ध्रुवावरही नव्हे. आणि आपल्या बेळगावची रेषा कुठे जाते? आपला चुंबकीय अक्षांश दहाच्या आतबाहेर. इथून निघालेली रेषा वर जाते दीड-दोनशे किलोमीटर, आणि वळून मालदीवच्या बाजूला हिंदी महासागरात उतरते. तिचा त्या शेपटीशी कसलाच संबंध येत नाही. उत्तर नॉर्वेच्या माणसाच्या डोक्यावरची रेषा हजारो किलोमीटर लांब अवकाशात जाऊन येते, आपली वातावरणाच्या वरच्या थरातच वळण घेते. वादळ कितीही मोठं असलं तरी शेपटीतला इलेक्ट्रॉन बेळगावच्या डोक्यावर उतरू शकत नाही. वादळात एवढंच होतं की उजळलेलं कडं विषुववृत्ताकडे पसरतं, आणि ते पुरेसं जवळ आलं तर दुरून त्याचा वरचा भाग दिसतो.

मैत्री केंद्र दक्षिणेला ७० अंश भौगोलिक अक्षांशावर असलं तरी चुंबकीय हिशेबाने त्या कड्याच्या बाहेरच्या कडेला येतं. त्यामुळे शांत रात्री प्रकाश डोक्यावर नसतो, दक्षिणेला खाली असतो. पूर्व-पश्चिम पसरलेली एक फिकट पट्टी. तिथे नवीन आलेली माणसं तिला ढग समजतात, कारण डोळ्याला ती राखाडीच दिसते. मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. ही पट्टी तासभर तशीच पडून राहते. मग तिची आपल्या बाजूची कड अचानक उजळते, पट्टीला घड्या पडतात, आणि मिनिटाभरात हिरवे पडदे डोक्यावर येतात. खालच्या कडेला गुलाबी झालर पळताना दिसते. त्याच वेळी आत खोलीत चुंबकमापकाची रेघ काहीशे नॅनोटेस्लांनी खाली कोसळलेली असते, कारण शंभरेक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडे वाहणारा विद्युतप्रवाह पेटलेला असतो. बाहेरचा माणूस आकाश बघून ओरडतो, आतला रेघ बघून. मध्यरात्र उलटल्यावर पडदे विरतात आणि आकाशभर ठिपके उघडझाप करत राहतात. स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये हा सगळा क्रम जसा लिहून ठेवला, तसाच तो बहुतेक वेळा घडतो. मला पडद्यांपेक्षा हे ठिपके जास्त आवडायचे, पण फोटो काढायला बाहेर पडलेली मंडळी तोवर थंडीने आत गेलेली असत.

रंगांचं थोडक्यात सांगतो. हिरवा आणि लाल, दोन्ही ऑक्सिजनच्या अणूचे. धक्का बसल्यावर हिरवा प्रकाश सोडायला त्याला पाऊण सेकंद लागतो, लाल सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हवा इतकी दाट असते की दोन मिनिटांत अणूला दुसरा कोणी ना कोणी धडकतोच आणि लाल निघायच्या आत ऊर्जा निघून जाते. दोनशे किलोमीटरच्या वर गर्दी कमी, तिथे लाल फुलतो, तो कधी पाचशे-सहाशे किलोमीटरपर्यंत. गुलाबी आणि जांभळा नायट्रोजनचा.

लडाखचा प्रकाश लाल का होता हेही यातूनच कळतं. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री हानले इथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या ऑल-स्काय कॅमेऱ्याने उत्तर क्षितिजावर लाल पट्टा टिपला. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून लागोपाठ अनेक उद्रेक पृथ्वीच्या रोखाने सुटले होते. सौरवाऱ्यातला बीझेड उणे ५० नॅनोटेस्लाच्या आसपास गेला. एरवीच्या पाचाशी तुलना कर. हिरवा भाग क्षितिजाखाली राहिला, उंच असलेला लाल तेवढा वर डोकावला. त्यात आणखी एक भर असते. वादळात पृथ्वीभोवती कणांचा जो वलयप्रवाह तयार होतो, त्यातली उष्णता झिरपून मध्यम अक्षांशांवर लाल कमानी उमटतात, त्यांना पडद्यांची हालचाल नसते. हानलेहून टिपलेल्या प्रकाशात अशा कमानींचाही वाटा असतो.

आता चोर्ला घाट. यासाठी चुंबकत्व लागत नाही, गोल पृथ्वीची भूमिती पुरते. १२० किलोमीटर उंचीवरची वस्तू ११ अंशांपर्यंत दुरून क्षितिजावर दिसते. आपण १६ अंशांच्या जवळ. म्हणजे हिरवा पडदा चोर्ल्यातून क्षितिजाला टेकलेला दिसायचा तर तो जयपूरच्या डोक्यावर यायला हवा. तेवढं कडं कधी पसरत नाही. लाल ४०० किलोमीटर उंच धरला तर २० अंश मिळतात, म्हणजे कारगिलच्या पलीकडचा, काराकोरमवरचा लाल आपल्याला क्षितिजरेषेवर येतो. ६०० धरला तर आणखी चार अंश. हे सगळं हवा आरशासारखी स्वच्छ आणि उत्तरेला डोंगर नाही असं धरून. हानलेच्या कॅमेऱ्यासाठी हेच कडं आपल्यापेक्षा १७ अंशांनी जवळ असतं.

शिवाय रेखांशाच्या बाबतीत आपलं नशीब खोटं आहे. भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला झुकलेला आहे, म्हणजे आपल्यापासून लांब. न्यूयॉर्क ४१ अंशांवर असून त्याचा चुंबकीय अक्षांश पन्नासच्या आसपास. आपल्या बाजूला उलट, भौगोलिक अक्षांशातून सात-आठ अंश वजाच होतात. मे २०२४ चं हेच वादळ अमेरिकेत लोकांनी अंगणातून बघितलं आणि आपल्याकडे त्यासाठी हानलेचा कॅमेरा लागला, तो यामुळे.

तरीही कधीच नाही असं मी म्हणत नाही, कारण ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. मुंबई आपल्यापेक्षा तीन अंश उत्तरेला. तसं वादळ आज आलं तर कणकुंबीच्या माळावर उभं राहायला मी स्वतः येईन.

प्रकाश दिसला नाही म्हणून वादळ आपल्याकडे येत नाही असं समजू नकोस. सर्वांत मोठं नोंदलेलं वादळ मोजलं गेलं ते मुंबईत. २ सप्टेंबर १८५९ ला कुलाबा वेधशाळेत आडव्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपली गेली. वाचन माणसाने डोळ्यांनी करून वहीत उतरवायचं, असा तो काळ. एवढ्या कमी अक्षांशावरची त्या वादळाची अशी दुसरी नोंद जगात नाही. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ही नोंद अलिबागला हलवली आणि दोन वर्षं दोन्हीकडे समांतर चालवून जुळवून घेतली. अशा वेधशाळेत चुंबकीय खोलीत जाताना किल्ल्या, घड्याळ, पट्ट्याचं बकल सगळं बाहेर काढून ठेवावं लागतं. पाहुणे हसतात, आणि मग रेघ हललेली दाखवली की गप्प होतात.

वादळाची रेघ वाचायला शिकलीस तर वेगळीच मजा आहे. आधी रेघ एकदम वर उडी घेते: सौरवाऱ्याच्या धक्क्याने चुंबकीय आवरण दाबलं गेलेलं असतं. ही उडी अलिबागला दिसते, तिरुनेलवेलीला दिसते, मैत्रीला दिसते, काही सेकंद-मिनिटांच्या फरकाने सगळीकडे. काही तास ती वर रेंगाळते. बीझेड उणे असेल तर मग घसरण सुरू होते आणि एखादा दिवस रेघ खालीच राहते. पृथ्वीपासून वीस-तीस हजार किलोमीटरवर पश्चिमेकडे फिरणारा वलयप्रवाह आपल्या क्षेत्राला उलटा जोर लावत असतो. मे २०२४ ला ही घसरण ४०० नॅनोटेस्लांच्या घरात गेली. उडी घेऊनही रेघ न पडलेल्या रात्री मी पुष्कळ बघितल्या आहेत, तेव्हा बीझेड उत्तरेकडे असायचा. वर्तमानपत्रात मात्र दुसऱ्या दिवशी ‘महावादळ’ छापून आलेलं.

आपल्या भागात याचा व्यवहारी परिणाम जीपीएसवर होतो. उपग्रहाचा सिग्नल आयनमंडलातून (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातून) येतो आणि वादळात तिथली इलेक्ट्रॉनांची दाटी बदलते. मे २०२४ ला अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळी सोडून भरकटले. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या रानाची मोजणी रोव्हरने (जीपीएसवर चालणाऱ्या मोजणी यंत्राने) करणाऱ्यांनी अशा दिवशी सेंटिमीटरच्या भरवशावर बांध टाकू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं. आपण मुळात चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने वादळ नसतानाही संध्याकाळनंतर आयनमंडलात पोकळ्या तयार होतात आणि सिग्नल थरथरतो. वादळ कधी त्यांना वाढवतं, कधी दाबून टाकतं. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथला कॅमेरा या पोकळ्या टिपतो तो ऑक्सिजनच्या त्याच लाल रेषेत, ६३० नॅनोमीटरवर. हानलेचा लाल आणि कोल्हापूरचा लाल एकाच अणूचा. ऊर्जा कुठून आली एवढाच फरक, आणि कोल्हापूरचा इतका मंद की डोळ्याला दिसतच नाही.

आता तुला प्रयत्न करायचाच असेल तर. सूर्यावर उद्रेक झाला की एक ते तीन दिवस मिळतात. पण त्यातलं क्षेत्र उत्तरेचं की दक्षिणेचं हे तो उद्रेक पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी येईपर्यंत नक्की कळत नाही. आपलं आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. तिथून पृथ्वीपर्यंत वाऱ्याला अर्धा ते एक तास लागतो, तेवढीच खरी आगाऊ सूचना. म्हणून ‘आज रात्री अरोरा’ असे दोन दिवस आधी फिरणारे मेसेज सोडून दे आणि बीझेडचा आलेख उघड. तो उणे ४०-५० च्या खाली जाऊन काही तास तिथेच राहिला, हानलेच्या कॅमेऱ्यात लाल दिसायला लागला, तर निघायचं. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पृथ्वीच्या कलण्यामुळे दार उघडायची शक्यता जास्त असते. त्यातला सप्टेंबर आपल्याकडे ढगांत जातो, त्यामुळे मार्च-एप्रिल धर. राजहंसगडावर जाऊ नकोस, तिथून उत्तरेला बेळगाव शहराचा उजेडच दिसतो. कणकुंबी-चोर्ल्याकडे उत्तर मोकळी असलेली जागा दिवसा बघून ठेव, घरच्या मोठ्या माणसांना सोबत घे. कॅमेरा स्टँडवर, २० ते ३० सेकंद एक्स्पोजर, आयएसओ ३२००. उत्तरेचा फोटो काढलास की लगेच त्याच सेटिंगवर दक्षिणेचाही काढ. लाल दोन्हीकडे सारखा आला तर तो अरोरा नव्हे. एकाच बाजूला, ढगांच्या पोटाला चिकटलेला तांबूस उजेड असेल आणि दिवस गळिताचे असतील, तर त्या दिशेला कुठला साखर कारखाना येतो ते नकाशात बघ.